भागवत सरांची भीती

भागवत सर समोरून आले की आधी पायांकडे बघायचे, तोंडाकडे नंतर. सकाळी शाळेच्या फाटकात भेटले तर नमस्काराआधीच म्हणायचे, "मॅडम, डावा पाय ओढत चालताय. काय झालं?" आणि खरंच आदल्या दिवशी जिना उतरताना माझा घोटा मुरगळलेला असायचा. घरात कुणाच्या ते लक्षातही आलेलं नसायचं.

दिंद्रुडच्या शाळेत मी गणित शिकवते. सर खेळाचे शिक्षक होते. अकरा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये बसलो. उंच, हाडकुळा माणूस, शर्टाच्या आत लपवलेली शिट्टी आणि खांद्यावर कायम एक नॅपकिन. जिल्ह्यात कबड्डीचा प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव होतं. आणि इतका भित्रा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ते पंख्याखाली बसत नसत. एसटीत संकटकालीन दाराजवळची जागा मिळाली नाही तर पुढच्या गाडीची वाट बघत. स्टाफरूममध्ये चहा झाला की दोनदा उठून शेगडीचं बटण बघून येत. सरावाआधी अख्खं मैदान अनवाणी चालून काढत, कुठे खडा किंवा काच तर नाही ना म्हणून. मुलं मागे हसायची. सरांना ते ठाऊक होतं.

एकदा मी म्हटलं, "सर, एवढं काय भ्यायचं?"

"कुणी तरी भ्यायलाच पायजे, मॅडम," ते म्हणाले. "मी भितो म्हणून पोरं बिनघोर खेळतेत."

ही भीती त्यांच्यात जन्मापासून नव्हती. ती कुठून आली हे मला एका रविवारी कळलं. माझ्या बहिणीकडे माजलगावला जायचं होतं आणि सर त्याच गाडीत भेटले. म्हणाले, "पुढं दोन गावांवर माझं एक काम हाय. तुमी येता का? सोबत व्हईल." 'सोबत' हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला नाही म्हणता आलं नाही.

तिथे एका पत्र्याच्या घरात पलंगावर केशव होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, हसरा माणूस. कमरेखाली त्याच्यात काहीच हलत नव्हतं. सरांनी नॅपकिन पसरला, तेलाची बाटली काढली आणि त्याच्या पोटऱ्या चोळायला बसले. केशव गप्पा मारत होता, पिकाचं, कुणाच्या लग्नाचं. मधेच मला म्हणाला, "डॉक्टरनी सांगितलं बाई, ह्याचा काई उपेग न्हाई म्हणून. पण सरांना कोण सांगणार?"

परत येताना सरांनी मला सांगितलं. तेरा वर्षांपूर्वीचा तालुक्याचा अंतिम सामना. केशव म्हणाला होता, सर, पाठ धरलीय, शेवटच्या चढाईला दुसऱ्याला पाठवा. सरांनी त्याला जोरात धक्का देऊन आत पाठवलं होतं. पाच जण त्याच्या अंगावर पडले.

"त्यानं सांगितलंतं," सर म्हणाले. "त्यानं सांगितलंतं मला." 

चार वर्षांपूर्वी जिल्ह्यात कबड्डीची लीग सुरू झाली. मोठ्या शहरांत असते तशी, लिलावाची. आठ संघ, आठ मालक. प्रत्येक संघाला खर्चायला सारखीच रक्कम, बारा लाख. त्याच्या वर एक रुपया गेला तरी गुण कापले जाणार. लिलावाच्या आधी निवड फेरी. त्यात वीस-एकवीस वर्षांची नवी मुलं पाळीपाळीने निवडायची आणि त्यांचं मानधन आधीच ठरलेलं, अगदी थोडं. जो संघ मागच्या वर्षी शेवटी आला, त्याची निवडीत पहिली पाळी. म्हणजे कमकुवत संघालाही उभं राहता यावं.

आमच्या भागातला संघ गेवराईकडच्या एका पुढाऱ्याने घेतला होता. सगळे त्यांना आण्णा म्हणायचे. जमीन मोठी, राजकारणात वजन, नदीकाठी त्यांचे वाळूचे टिप्पर चालायचे. बोलायचे अगदी हळू. इतकं हळू, की ऐकायला माणसाला पुढे वाकावं लागायचं. पहिल्या वर्षी त्यांचा संघ शेवटी आला. दुसऱ्या वर्षी त्यांनी प्रशिक्षक म्हणून भागवत सरांना बोलावलं. बोलावलं म्हणजे गाडी पाठवली. सर त्या गाडीत बसताना मी पाहिलं. आधी त्यांनी चारही चाकांकडे बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. "मॅडम, मला माणूस बघता येतो. आकडे बघितले की घाम फुटतो. बेरजा-वजाबाक्या तुमी कराल का?"

असा माझा त्या लीगशी संबंध आला. मला कबड्डीतलं काही कळत नव्हतं, आजही फारसं कळत नाही. पण महिनाभर मधल्या सुट्टीत आम्ही कागद पसरून बसायचो. मला वाटायचं, एक मोठा खेळाडू घ्यावा आणि उरलेल्यात बाकीचे बसवावेत. सर मान हलवायचे. प्रत्येक नावासमोर त्यांना एक मोडलेलं हाड दिसायचं. "ह्याचा खांदा निखळला तर? ह्याला ताप आला तर? मग कोण?" ते विचारायचे. हळूहळू माझ्या लक्षात आलं की त्यांचं सगळं शहाणपण ह्या 'तर'मध्ये आहे. ते एकाही माणसावर इतका पैसा लावत नव्हते, की तो पडला तर संघ पडेल.

निवड फेरीत आमची पाळी पहिली होती. त्या वर्षी परळीकडचा एक मुलगा सगळ्यांना हवा होता. आण्णांनी गावभर सांगून ठेवलं होतं, तो आपला. आदल्या दिवशी दुसऱ्या एका संघाने सरांपुढे प्रस्ताव ठेवला. तुमची पहिली पाळी आम्हाला द्या, त्या बदल्यात आमची चौथी आणि बारावी तुम्ही घ्या. नियमात ते बसत होतं. सरांनी मला विचारलं नाही, आण्णांनाही नाही. सरळ हो म्हणाले. त्या दोन पाळ्यांत त्यांनी दोन मुलं घेतली, त्यांची नावंही कुणी ऐकलेली नव्हती. त्यातला एक बालाजी. त्याचे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, तोही जायचा. सरांनी त्याला उसाच्या फडातच पाहिलं होतं. वाकून घोट्याजवळ कोयता मारताना त्याची नजर हलत नाही, एवढंच त्यांनी बघितलं आणि त्याला डाव्या कोपऱ्यात पकडीसाठी घ्यायचं ठरवलं.

"आण्णांना काय सांगाल?" मी विचारलं.

"तेच्यामुळं तर झोप न्हाई," सर म्हणाले.

पण खरी गोष्ट लिलावात घडली.

बीडमधल्या एका मंगल कार्यालयात लिलाव होता. सकाळी आम्ही बाहेर उभे होतो तेव्हा विक्रम आला. विक्रम म्हणजे जिल्ह्यातला सगळ्यात मोठा चढाईपटू, वय सव्वीस. लोक त्याच्याभोवती फोटोसाठी गर्दी करत होते. आण्णांचा हुकूम होता, काहीही करून विक्रम घ्यायचा. कार्यालयाच्या दाराला आठ-नऊ पायऱ्या होत्या. विक्रम चहा घ्यायला खाली उतरला आणि सरांनी माझी बाही धरली. 

"बघितलं का मॅडम?"

मला काहीच दिसलं नाही.

"प्रत्येक पायरीवर उजवा पाय पुढं. उजवा गुडघा वाकवत न्हाई. हसत हसत उतरला, पण कठड्याचा हात सोडला न्हाई." सरांनी नॅपकिनने तोंड पुसलं. "गुडघ्यातलं आतलं तुटलंय. वरून धरून ठेवलंय नुसतं."

"मग आण्णांना सांगा."

"आण्णांना सांगितलं म्हणजे हॉलला सांगितलं. अर्ध्या तासात सगळ्यांना कळंल. मग त्याला एक हात वर व्हईल का? तेचं सगळं घर त्या गुडघ्यावर चाललंय."

आण्णा त्या दिवशी मुंबईला होते. त्यांचा माणूस, संपत, आमच्या मागच्या खुर्चीवर बसला होता. विक्रमचं नाव पुकारलं. दोन लाखांपासून बोली सुरू झाली. आमच्या कागदावर मी चारच्या पुढे रेघ मारली होती. सर चारपर्यंत हात वर करत गेले आणि थांबले. बोली पाचवर गेली. संपत पुढे वाकला. "सर, आण्णा फोनवर हायेत. वर जा म्हणतेत." सरांच्या खिशातला फोन थरथरत होता. तो त्यांनी काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्यावर आण्णांचं नाव दिसत होतं. मीही तो उचलला नाही, माझीही हिंमत झाली नाही.

मग सरांनी आपला उजवा हात मांडीखाली घातला आणि त्याच्यावर बसून राहिले. कपाळावरून घाम गळत होता, ओठ पांढरे पडले होते. तो हात भीतीने आपोआप वर जाईल, असं त्यांना वाटत असावं. सहा लाखांना विक्रम अंबाजोगाईच्या संघात गेला.

दुपारी जेवणाच्या रांगेत संपत माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "मॅडम, तुमी दिंद्रुडला रोज कोणत्या गाडीनं येता? आठच्या का?"

"आठच्या," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला आणि ताटात भात वाढून घेऊन निघून गेला.

त्यानंतर महिनाभर मी आठची गाडी धरली नाही.

पुढच्या सोमवारी शाळेच्या फाटकासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबली. आतून कुणी उतरलं नाही. शाळा सुटेपर्यंत ती तिथेच होती. मंगळवारी आली, बुधवारी आली. मुख्याध्यापकांनी त्या तीन दिवसांत त्या बाजूच्या खिडक्या लावून घेतल्या. गुरुवारी आण्णा स्वतः आले, स्टाफरूममध्ये बसले, चहा घेतला. सर समोर उभेच होते.

"सर, मी लोकांना शब्द दिलता," आण्णा म्हणाले. "तुमी माझं ऐकलं न्हाई. ठीक हाय. तुमाला खेळातलं माझ्यापेक्षा जास्त कळतं. आता संघ पुढं गेला पायजे. न्हाई गेला तर मग मला काई तरी बोलावं लागंल." कप बशीत ठेवताना त्याचा आवाजही झाला नाही.

संघ सामन्यामागून सामने जिंकत गेला, ही ह्या सगळ्यातली आश्चर्याची गोष्ट. जानेवारीत सामने सुरू झाले तेव्हा आमच्याकडे एकही मोठं नाव नव्हतं, पण बाराच्या बारा खेळाडू कामाचे होते. एकाचा अंगठा मोडला तर त्याच्या जागी तोच वकूब असलेला दुसरा तयार असायचा. बालाजीने घोटा धरला की भलेभले खाली यायचे. लोक त्याला ओळखू लागले. त्याची आई फडावरून फोन करायची आणि सरांना म्हणायची, "पोराकडं ध्यान द्या." सर म्हणायचे, "बाई, दुसरं करतोय काय मी?"

आणि विक्रम? विक्रम झकास खेळत होता. सर चुकले, असं लोक उघड बोलू लागले. मलाही तसं वाटू लागलं. पण आमच्या संघाचा सामना नसेल त्या दिवशीही सर अर्धी रजा टाकून बीडला जायचे आणि अंबाजोगाईच्या संघाचा सामना बघायचे. मी दोनदा त्यांच्याबरोबर गेले. ते सगळ्यात मागच्या रांगेत बसायचे, नॅपकिनचं टोक दातांत धरून. विक्रम चढाईला गेला की डोळे मिटायचे आणि प्रेक्षकांच्या आवाजावरून तो परत आला की नाही ते ओळखायचे.

"त्यांच्या प्रशिक्षकांना तरी सांगून टाका," मी एकदा म्हटलं.

"सांगितलं तर पोराचं पोट जातं. न्हाई सांगितलं अन् पाय मोडला, तर ते माझ्याच माथी. मला ठावं होतं ना." मग म्हणाले, "केशवच्या येळंला मला ठावं होतं. पुन्हा ठावं हाय. देव मलाच कावून दाखवतो, मॅडम?"



साखळीतला शेवटचा सामना आमचा आणि अंबाजोगाईचा होता. जिंकणारा उपांत्य फेरीत, हरणारा घरी. आण्णा पहिल्या रांगेत बसले होते, शेजारी संपत. सामना दुपारी चारला सुरू झाला आणि शेवटच्या चढाईपर्यंत ताणला गेला. आम्ही एका गुणाने पुढे. चढाई विक्रमची. त्याला रिकामा परत पाठवला, किंवा धरला, तरी सामना आमचा.

विक्रम आत आला, उजवीकडे हूल देऊन डावीकडे वळला आणि बालाजीने खाली झेप घेऊन त्याचा घोटा धरला. उजवा. दुसऱ्या एकाने कमर धरली. विक्रम मध्यरेषेकडे झेपावला. त्याचं अंग पुढे आणि पाय मागे अडकलेला, गुडघा आतल्या बाजूला वळत चालला होता. मला कबड्डीतलं कळत नाही, पण विक्रमचा चेहरा मला दिसला. आमचे आणखी तिघे त्याच्यावर पडायला धावले होते.

"सोड! बालाजी, सोड!"

तो आवाज भागवत सरांचा होता. बालाजीची बोटं सुटली. ज्या माणसाने त्याला फडातून उचलून आणलं, त्याचा शब्द त्याने विचार न करता ऐकला. विक्रमचा हात रेषेला लागला. आमचे दोघे बाद, दोन गुण त्यांना. आम्ही एका गुणाने हरलो.

 मांडवात मागून कुणी तरी ओरडलं, "विकला गेला मास्तर!" आणि मग ते बरेच जण ओरडू लागले. बालाजी मॅटवर तसाच गुडघ्यांवर बसला होता, सरांकडे बघत. सर उभे होते, दोन्ही हात छातीशी घेऊन.

मी त्यांना मांडवाच्या मागे, पाण्याच्या टँकरजवळ नेलं. थोड्या वेळात विक्रम तिथे आला. एकटाच आला होता, आणि आता तो लंगडणं लपवत नव्हता.

"सर, कावून ओरडलात?"

"तुझा गुडघा."

 "कधीपासून ठावं हाय तुमाला?"

"लिलावाच्या दिवसापासून."

"कुणाला बोलला न्हाईत?"

"ह्या मॅडमला. दुसऱ्या कुणाला न्हाई."

"अर्धं मानधन हंगाम संपल्यावर मिळतं, सर. ते मिळालं की पुण्याला ऑपरेशन करणार हाय. आत्ता कळलं तर ते अडवून धरतील. फसवलं म्हणतील." त्याने हात जोडले. "तोवर बोलू नका. पाया पडतो."

तो खरंच वाकू लागला. सरांनी त्याला धरलं. "वाकू नको. गुडघ्यावर जोर येतो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आण्णांनी बोलावलं. मला जायचं नव्हतं, पण सर म्हणाले, "तुमी नुसत्या बसा." आण्णांच्या बंगल्यातल्या बैठकीत सात-आठ माणसं होती. दार संपतने ओढून घेतलं. सरांना चहा दिला. कप बशीवर खडखडत होता, अर्धा चहा बशीत आला.

"सर, मला एवढंच सांगा," आण्णा म्हणाले. "कावून ओरडलात?"

मी सरांकडे बघत होते. एक वाक्य बोलले असते तर सुटले असते. विक्रमचा गुडघा गेलाय, आण्णा, म्हणून मी त्याला घेतला नाही आणि म्हणूनच ओरडलो. ते वाक्य खरं होतं, आणि त्या वाक्याने लिलावातलाही त्यांचा दोष धुऊन निघाला असता. जो माणूस पंख्याला भ्यायचा, तो आता ते बोलणार, ह्याची मला खात्री होती. खोटं कशाला सांगू, त्यांनी ते बोलावं असं मला वाटत होतं. 

सर म्हणाले, "माझी चूक झाली, आण्णा."

"चूक का पैसा?"

सर गप्प.

"किती दिले अंबाजोगाईवाल्यांनी?"

सर गप्पच. त्यांच्या पँटवर चहा सांडला होता, त्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. खोलीतला एक जण उठून त्यांच्या अगदी जवळ येऊन उभा राहिला. सरांनी मान खांद्यांत ओढून घेतली, मार बसणार असल्यासारखी, आणि तसेच बसून राहिले.  शेवटी आण्णा माझ्याकडे वळले. "ताई, तुमाला काई ठावं हाय का?"

"नाही," मी म्हणाले. विक्रमसाठी म्हणाले, की स्वतःच्या भीतीने, हे मी आजही ठरवू शकलेले नाही.

"जावा," आण्णा म्हणाले. "सर, ह्या भागात आता तुमी दिसू नका."

त्यांना कुणी हात लावला नाही. तशी गरजच पडली नाही. आठवड्यात शाळेच्या संस्थेतून निरोप आला आणि सरांनी राजीनामा लिहून दिला. स्टाफरूममध्ये कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. मुलं भिंतीवर काय काय लिहीत होती. शेवटच्या दिवशी त्यांनी बालाजीला फोन लावला, सांगितलं, "तू पकड सोडलीस ते बरोबर केलंस. कुणी काई म्हणलं तर माझं नाव सांग." मग सामान घेऊन ते चौसाळ्याला आपल्या भावाकडे गेले.

उन्हाळ्यात विक्रमचं ऑपरेशन झालं. त्यानंतर तो खेळला नाही. एकदा त्याने मला फोन करून सरांचा पत्ता विचारला, मी दिला. तो गेला की नाही ते मला ठाऊक नाही. बाहेर त्याने कधी काही सांगितलं नाही. दिंद्रुडमध्ये आजही कुणी पैसे खाल्ल्याची गोष्ट निघाली, की भागवत सरांचं नाव निघतं. मी स्टाफरूममध्ये असते आणि वह्या तपासत राहते.

गेल्या मार्चमध्ये मी बीडहून धाराशिवला निघाले होते. चौसाळ्याला गाडी थांबली. खिडकीतून बघते तर हायवेच्या कडेला भागवत सर उभे. केस पूर्ण पांढरे झालेले. रस्ता ओलांडायचा होता त्यांना. ट्रक, टँकर, मोटारी एकामागून एक चालल्या होत्या. सर एक पाऊल पुढे टाकायचे, लांबून हॉर्न आला की मागे घ्यायचे. असं पाच-सहा वेळा झालं. मला हाक मारावीशी वाटली, पण गाडीत ओळखीची दोन-तीन माणसं होती. मी हाक मारली नाही.

शेवटी जरा मोकळं दिसलं तसे सर धावत सुटले, दुभाजकापाशी थांबले, पुन्हा धावले आणि पलीकडे पोचले. तिथे एका टपरीचा खांब धरून ते धापा टाकत उभे राहिले. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. ज्या कडेवरून ते आले होते, तिथे एक म्हातारी हातात पिशवी घेऊन उभी होती. तिलाही पलीकडे जायचं होतं आणि तिला ते जमत नव्हतं. सर तिच्याकडे बघत राहिले. मग रस्त्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा मला इतक्या लांबूनही दिसत होता, भीतीने पार उतरलेला.

कंडक्टरने घंटी दिली. गाडी हलली तेव्हा सरांनी एक हात वर केला होता आणि येणाऱ्या ट्रककडे बघत ते पुन्हा रस्त्यात उतरत होते.